घरात रिपोर्ट कोण वाचतं?

गेल्या महिन्यात भाचीच्या शाळेत पालकसभा होती. वहिनीला ऑफिसातून निघता येणार नव्हतं आणि दादा अशा सभांना गेला की झोप काढतो, म्हणून मग मी गेले. नववीचा वर्ग, ती बाकं आता आपल्या मापाची राहिलेली नाहीत, गुडघे पोटाला लागतात. हजेरी झाली, सहलीचे पैसे झाले, युनिट टेस्टचं रडगाणं झालं आणि मग सायन्सच्या बाईंनी सांगितलं की यंदा ग्रुप प्रोजेक्टला ‘कॅन्सर आणि वैद्यकीय तंत्रज्ञान’ असा विषय दिलाय. लगेच मागच्या बाकावरून एक बाबा उठले. बाई, पोरांचं वय काय, विषय काय, दुसरं काही नाही का मिळालं, सोलर कुकर द्या, पावसाचं पाणी जिरवायचं द्या, हे कशाला घरात आणायचं? अख्ख्या बोलण्यात त्यांनी कॅन्सर हा शब्द एकदाही काढला नाही, ‘हे’ म्हणाले. दोन-तीन आयांनी माना हलवल्या, बाईंचा चेहरा पडला.

तसं आमच्या लालबाग-परळ पट्ट्यात हा शब्द कोणीच तोंडातून काढत नाही. ‘टाटाला नेलंय’ म्हणायचं, समोरचा गप्प होतो, काय ते समजतो. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढे टाटांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला हे कॅन्सरचं हॉस्पिटल उघडलं, आज पार आसाम-बंगालपासून माणसं बरं व्हायला इथे येतात, आणि आम्ही तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर राहणारे लोक, त्या नावाचा उपयोग कशासाठी करतो तर आजाराचं नाव घ्यायला लागू नये म्हणून.

त्या बाबांचा मला राग आला नाही, खरं सांगते. पोरांना नको त्या वयात घाबरवू नका असं कुठल्याही आईबापाला वाटणारच. पण मला वाटतं हा प्रोजेक्ट शाळेत हवाच, आणि त्याचं कारण फार व्यवहारी आहे. आपल्यासारख्यांच्या घरात हॉस्पिटलचा रिपोर्ट वाचतं कोण? रिपोर्ट इंग्लिशमध्ये, आजीला वाचता येत नाही, आईचं शिक्षण आठवीपर्यंत, बाबा आधीच हादरलेला, डॉक्टरची वेळ चार दिवसांनंतरची, मग तो कागद सेमी इंग्लिशला असलेल्या पोराच्या हातात जातो, बघ रे काय लिहिलंय. रेशन कार्डाचा फॉर्म तोच भरतो, बँकेचा मेसेज तोच वाचून दाखवतो, तसा बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्टपण तोच. म्हणजे नववीतलं पोरगं हा त्या घरातला दुभाषी असतो, आणि आपण त्याला त्या भाषेतला एक शब्द शिकवायला घाबरतो.

मी वाचलाय असा रिपोर्ट. १९९४ साली, मीही नववीत होते. कणकवलीहून मावशी आली होती, रात्रभर एसटीत बसून, कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. छातीत गाठ. काळाचौकीच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण, त्यात मावशी आणि तिचा मोठा मुलगा, तो बिचारा गॅलरीत झोपायचा. ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांनी काकांनी पाकीट आणून माझ्या हातात दिलं, तू इंग्लिशमध्ये हुशार ना, वाच. मी वाचलं. काखेतल्या चौदा लसिका गाठी (त्या सगळ्यांच्याच काखेत असतात) तपासल्या, सगळ्या निगेटिव्ह, असं काहीतरी शेवटी होतं. आता निगेटिव्ह म्हणजे वाईट, उणे, हे गणितातपण तेच आणि बोलण्यातपण तेच. मी सांगितलं, निगेटिव्ह आलंय. चौदाच्या चौदा. त्या रात्री आमच्या घरात चूल पेटली नाही हो. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि आई तिच्या पायाशी बसून रडत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले अहो, ही तर चांगली बातमी आहे, आजार काखेत पसरलेला नाही. मावशी त्यानंतर खूप वर्षं जगली, माझ्या लग्नात नाचली, पण ती एक रात्र मी तिला फुकट दिली ती दिलीच.

त्या कागदांची भाषाच अशी असते की सरळ अर्थ लावला की फसतो. निगेटिव्ह बहुतेक वेळा चांगलं. पॉझिटिव्ह बहुतेक वेळा वाईट, पण स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात ‘ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह’ असेल तर त्याचा अर्थ हार्मोनला अडवणारी गोळी उपयोगी पडू शकते, म्हणजे ते पॉझिटिव्ह त्यातल्या त्यात बरं. ‘अनरिमार्केबल’ लिहिलं असेल तर घाबरायचं नाही, तिथे काही वावगं दिसलं नाही एवढंच. ‘बेनाइन’ म्हणजे साधी गाठ, कॅन्सरची नाही. टी, एन, एम अशी अक्षरं आणि पुढे आकडे असतात, टी म्हणजे मूळ गाठ केवढी, एन म्हणजे जवळच्या लसिका गाठींत गेलंय का, एम म्हणजे लांब कुठे पोचलंय का. हे शिकायला किती वेळ लागतो? एक तास. पुस्तकात मात्र काय, ‘पेशींचे अनियंत्रित विभाजन म्हणजे कर्करोग’, अधोरेखित करा, दोन मार्क. व्याख्या बरोबरच आहे, पण ती घेऊन कोणी रिपोर्ट वाचू शकत नाही.

आता प्रोजेक्ट म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहितीये. आमच्या वेळी स्टेशनरीवाल्याकडे तक्ते मिळायचे, ‘मानवी शरीर’, ‘व्यसनाचे दुष्परिणाम’, त्यातली चित्रं कापायची, कार्डशीटवर चिकटवायची, कडेने स्केचपेनची नक्षी. नंतर सायबर कॅफेतून प्रिंटआऊट आले. आता चॅटजीपीटी आहे, दोन मिनिटांत बारा पानं, स्पायरल बाइंडिंग, कव्हरवर गुलाबी रिबन. भाचीच्या ग्रुपने पहिल्या दोन दिवसांत हेच केलं होतं. मी पानं उलटली, एमआरआय, सीटी, पेट स्कॅन, रोबोटिक सर्जरी, एआय, प्रत्येकाला एक पान, एक फोटो, फोटोत गोरी माणसं हसतायत. मी विचारलं सीटी स्कॅनमध्ये सीटी म्हणजे काय. चौघींनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, सिटी, म्हणजे शहरात मिळतं म्हणून? (हसू नका, मला तो तर्क आवडला.)

मग आम्ही शेंगदाणे घेऊन बसलो. कागदावर चार खणांचा चौकोन, दोन खणांत एकेक शेंगदाणा, वर झाकण. आता तुम्हाला आत बघायचं नाहीये, फक्त बाजूने कळणार की या ओळीत किती दाणे आहेत. वरच्या ओळीत एक, खालच्या ओळीत एक. उभ्या रांगांतपण एकेक. सांगा दाणे कुठे आहेत. पोरी दहा मिनिटं भांडल्या, कारण दोन उत्तरं येतात, या तिरक्या रेषेत किंवा त्या तिरक्या रेषेत, आणि दोन्ही बरोबर वाटतात. मग भाचीच म्हणाली आत्या, तिरकं बघायला मिळालं तर कळेल. झालं. म्हणून तर ते मशीन पेशंटभोवती गोल फिरतं! शेकडो कोनांतून एक्स-रेच्या सावल्या घ्यायच्या आणि गणित करून आत काय असेल ते मांडायचं, सीटी म्हणजे कॉम्प्युटेड टोमोग्राफी म्हणजे एवढंच, बाकी सगळी इंजिनिअरिंगची करामत. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनला पहिल्या पेशंटच्या मेंदूचा असा स्कॅन झाला, ज्याने ते मशीन बनवलं तो हौन्सफिल्ड ग्रामोफोनच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीतला इंजिनिअर, आणि ज्याने गणित आधीच मांडून ठेवलं होतं तो कॉर्मॅक भौतिकशास्त्रज्ञ, दोघांपैकी एकही डॉक्टर नाही आणि १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना. हे ऐकल्यावर त्यातली एक पोरगी, जिला बायोलॉजी बघून मळमळतं, ती पहिल्यांदा सरळ बसली.

पेट स्कॅनचं तर आणखी मजेशीर. त्यात साखरेसारखं एक औषध देतात, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवलेलं असतं, कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी खेचतात म्हणून त्या जागा स्कॅनमध्ये उजळतात. (यावरून ‘साखर सोडा, कॅन्सर उपाशी मरेल’ असे मेसेज फिरतात, ते खोटं आहे, आपण साखर सोडली तरी शरीर स्वतः रक्तात साखर ठेवतंच.) या फ्लोरिनचं अर्धं आयुष्य साधारण ११० मिनिटं, दर ११० मिनिटांनी माल निम्मा होतो. परळलाच २००२ पासून असा माल बनवणारा मेडिकल सायक्लोट्रॉन आहे, देशातला पहिला. मग मी गणित घातलं, समजा गाडी मुंबईहून पुण्याला निघाली, खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिक लागला आणि तीन तास चाळीस मिनिटं लागली, किती उरलं? २२० मिनिटं म्हणजे दोन वेळा निम्मं, पाव उरलं. एकीने लगेच विचारलं, म्हणजे ते निघतानाच चौपट भरून पाठवत असतील? असंच करावं लागतं, पोचेपर्यंत किती उरणार तो हिशोब करूनच माल निघतो. घातांक, अपूर्णांक, वेळ-अंतर, सगळं एका गणितात आलं आणि शिवाय हेही कळलं की पेशंटला सकाळी सातलाच का बोलावतात आणि तो उशिरा पोचला तर तिथली माणसं का करवादतात.

एवढं झाल्यावर मला वाटलं आपण जिंकलो. पण मग लक्षात आलं की पोरींना फक्त मशीन आवडतंय, जितकं मोठं तितकं भारी. प्रोजेक्टचा हा दुसरा खड्डा, आणि मला वाटतं तो पहिल्याहून खोल आहे. शाळेला, परीक्षकाला, पालकांना सगळ्यांना रोबोट आवडतो. रोबोटला मार्क आहेत. पण मुंबईने कॅन्सरच्या जगाला जी एक मोठी गोष्ट शिकवली तिच्यात मशीन जवळजवळ नाहीच, व्हिनेगर आहे. चायनीजच्या गाडीवर असतं ते, म्हणजे त्यातलं ॲसेटिक ॲसिड, अगदी पातळ केलेलं. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला, निम्म्या वस्त्यांत ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाला ते ॲसिड लावून बघायच्या, मिनिटभरात पांढरा डाग उठला तर पुढच्या तपासणीला पाठवायच्या. लॅब नको, वीज गेली तरी चालेल, बॅटरी असली म्हणजे झालं. त्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी झाले. २०१३ मध्ये हे आकडे बाहेर आले तेव्हा अमेरिकेत कॅन्सरच्या डॉक्टरांच्या सगळ्यात मोठ्या अधिवेशनात मुख्य मंचावरून मांडले गेले.

आता यालाच दुसरी बाजू आहे आणि मी ती पोरींना मुद्दाम सांगितली. उरलेल्या निम्म्या वस्त्यांतल्या बायकांना फक्त माहिती दिली होती, तपासणी नाही, तुलना करता यावी म्हणून. त्यावर बाहेर बरीच टीका झाली, की त्यांना असं का सोडलं. तुलना केली नसती तर उपाय लागू पडतो हे कळलं कसं असतं, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. चौघींत दोन-दोन असे तट पडले आणि माझ्या घरात जो आरडाओरडा झाला त्याला तोड नाही. शेजारच्या काकू बघायला आल्या. मला विचाराल तर त्या अर्ध्या तासात त्या जेवढं विज्ञान शिकल्या तेवढं बारा स्पायरल पानांत नव्हतं.

आणि वयाचंच म्हणाल तर त्या बाबांना मला एक सांगायचंय. हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, ते शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं, त्यावर लस आहे, २०२३ पासून पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक नावाची आपल्याकडची लसही आहे. ती द्यायचं मुख्य वय कोणतं? ९ ते १४. नववीच्या पोरी चौदाच्या असतात. पोरांचं वय काय, विषय काय, असं विचारलंत ना, हेच वय आहे, आणि पुढच्या वर्षी ते निघून जाईल.

मग भांडण झालं ते मोजपट्टीवरून. पोरींनी ठरवलं की मशीनांच्या आधी एक पान आजार कशाने होतो यावर घालायचं. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त, २०२२ चे जागतिक अंदाज बघितले तर भारतात सगळे मिळून वर्षाला १४ लाखांच्या वर नवे पेशंट, आणि तोंडाच्या कॅन्सरमागे मुख्यतः तंबाखू. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून, तरी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, गिऱ्हाईक स्वतःच मिसळतं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा कायदा आहे. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. पोरींनी पीटीच्या सरांकडून टेप मागून घेतली आणि गेटपासून मोजलं, दोन टपऱ्या आत आल्या, एक तर इतकी जवळ की टेप दुसऱ्यांदा लावावीच लागली नाही. हे त्यांनी नकाशा काढून, अंतरं लिहून, छान रंगवून प्रोजेक्टमध्ये घातलं. टपरीवाल्याचं नाव नाही, काही नाही, फक्त अंतर.

शाळेने ते पान काढायला सांगितलं. वरून निरोप आला, उगाच कटकट नको, प्रदर्शनाला बाहेरचे पाहुणे येतात, रोबोटचं मॉडेल ठेवा ना पुढे. बाई बिचाऱ्या मध्ये अडकल्या.

मला इथे थोडं चिडायचंय. तंत्रज्ञान कोणाला नको? सगळ्यांना हवंय, कारण त्यात कोणाची कटकट नाही. रोबोट कोणाच्या धंद्यावर येत नाही, टपरीवाला येऊन विचारत नाही. पण कॅन्सरचं संशोधन आपल्याकडे सुरूच झालं ते असल्या कटकटी बघण्यातून. टाटा हॉस्पिटलमध्ये अगदी सुरुवातीपासून असलेले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर, त्यांनी १९४५ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लिहिलं की कंबरेला धोतर करकचून बांधून वर्षानुवर्षं जिथे घासतं तिथे कातडीचा कॅन्सर होतो, ‘धोती कॅन्सर’ हे नाव त्यावरून आलं. आता धोतर बघायला काय लागतं? डोळे. लोक काय खातात, काय चघळतात, काय नेसतात ते बघितलं त्या माणसाने. आणि त्यांच्याच हाताखाली परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात काम केलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे, ज्यांनी इथे पेशी वाढवायची लॅब उभी केली, पद्मभूषण मिळालं १९८२ मध्ये, त्यांचं नाव त्या बारा पानांत कुठेही नव्हतं, मेरी क्युरी मात्र दोनदा होती. क्युरीबाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. पण टेप घेऊन रस्त्यावर उभ्या राहिलेल्या चार पोरी मला खानोलकरांच्या जास्त जवळच्या वाटतात, आणि त्यांचंच पान फाडलं.

कोणी म्हणेल मग मोठ्या मशीनांचं कौतुक करायचंच नाही का. करायचं ना. पवईच्या आयआयटीत आणि टाटात मिळून जी कार-टी थेरपी तयार झाली, पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, कॅन्सरची पेशी ओळखायला त्यांना शिकवायचं आणि परत सोडायच्या, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ती सुरू झाली, हे आपल्या पोरांना माहीत नसेल तर कोणाला असणार. पण त्याच पानावर पुढचं वाक्य हवं की ही काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, सगळ्यांसाठी नाही, परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्शात मिळते तरी आकडा लाखांतच आहे, मग ती कोणाला मिळणार? हा प्रश्न लिहिला की लोकांना वाटतं पोरं राजकारण करतायत. नाही हो, ती हिशोब करतायत, आपणच शिकवलाय त्यांना.

हिशोबावरून आठवलं, आता मुंबईत सगळीकडे फुल बॉडी चेकअपचे बोर्ड लागलेत, एका पॅकेजमध्ये इतक्या टेस्ट, ‘लवकर कळलं तर जास्त जगाल’. बऱ्याच वेळा खरं असतं ते, तोंडातली न भरणारी जखम आणि छातीतली गाठ लवकर दाखवलीच पाहिजे. पण ‘जास्त जगले’ हा आकडा कसा फसवतो हे पोरांना लोकलवरून एका मिनिटात कळतं. समजा सीएसएमटीकडे जाणारी एक गाडी कुर्ल्याला बंद पडणारच आहे. एकाला डोंबिवलीला कळलं की ही बंद पडणार, दुसऱ्याला विक्रोळीला. पहिला म्हणतो मला कळल्यावर गाडी अर्धा-पाऊण तास चालली, दुसरा म्हणतो पाच-सात मिनिटं. गाडी दोघांची कुर्ल्यालाच बंद पडली. नुसतं लवकर कळल्याने ती पुढे गेली नाही, मध्ये कोणी दुरुस्त केली असती तर गेली असती. म्हणून व्हिनेगरवाल्यांनी कळल्यापासून किती वर्षं जगल्या हे मोजलं नाही, मेल्या किती हे मोजलं. हे ज्या पोरीला समजलं ती उद्या बोर्ड वाचून आईबापांना हजारो रुपयांचं पॅकेज घ्यायला लावणार नाही, आणि आईला गाठ लागली तर गप्पही बसणार नाही.

आता त्या बाबांचं जे बरोबर आहे ते. साठ पोरांच्या वर्गात एखाद्याची आई आत्ता, या महिन्यात, केमो घेत असू शकते, आणि ते पोर कोणाला सांगत नाही. त्याला कॅन्सरवर मॉडेल बनवायला लावणं हा क्रूरपणा आहे. बाईंनी सुरुवातीलाच चार विषय ठेवावेत, कारण न विचारता बदलू द्यावेत. आणि एक गोष्ट तर कुठल्याही शाळेने करू नये, पोरांना ‘पेशंटची मुलाखत घ्या’ म्हणून पाठवणं. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहिलेली गावाकडची कुटुंबं, त्यांच्यापुढे मोबाईल घेऊन उभी असलेली गणवेशातली पोरं मी स्वतः बघितलीत. त्या कुटुंबांतल्या एका बाईने पदर तोंडावर ओढून घेतला होता. काही द्यायचंच असेल तर दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत एक दिवस भाजी चिरायला पाठवा, फोटो न काढता. त्याला मार्क देऊ नका.

बाकी मार्कांचं म्हणाल तर माझं म्हणणं एवढंच की पानं मोजू नका. परीक्षकाने एक खोटा रिपोर्ट पोरासमोर ठेवावा, नाव-गाव बनावट, आणि म्हणावं, समज मी तुझी आजी आहे, मला मराठीत सांग यात काय लिहिलंय, यात काय लिहिलेलं नाही, आणि डॉक्टरांना आपण काय विचारायचं. पाच मिनिटं. स्पायरलवाल्याचं आणि चॅटजीपीटीचं दोघांचं पितळ उघडं पडेल. बाईंना मी हे सांगितलं, त्या हसल्या, म्हणाल्या सर्क्युलरमध्ये बसत नाही.

घरी मात्र आम्ही ते केलं. माझ्या आईला बसवलं, म्हणजे भाचीच्या आजीला, आणि भाचीने बनावट रिपोर्ट वाचून दाखवला. आईने सगळं ऐकून घेतलं. चौदा गाठी निगेटिव्ह हे आलं तेव्हा माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. मग म्हणाली, पण बायोप्सी करायची नाही, लोखंड लागलं की पसरतं. भाचीने तिला सांगितलं आजी, सुईने सहसा काही पसरत नाही, उलट तुकडा काढल्याशिवाय गाठ कसली हेच कळत नाही, मग औषध कुठलं द्यायचं ते कसं ठरवणार. आई म्हणाली, असेल बाई. हे ‘असेल बाई’ आमच्या घरात फार मोठं आहे, ते मिळायला मला तीस वर्षं लागली नसती तर बरं झालं असतं.

भाचीचा धीर वाढला. तिने मशेरीचं काढलं. आईला चाळीस-पन्नास वर्षांची सवय, तव्यावर तंबाखू भाजायची, अख्ख्या मजल्यावर तो वास, कुटून डबीत भरायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ दाताला लावत बसायचं, मावशीपण लावायची. भाची म्हणाली आजी, तोंड उघड, टॉर्चने बघते, पांढरा चट्टा आहे का, लाल आहे का, जीभ बाहेर येते का पूर्ण. आईने तोंड उघडलं. मला हे कधी जमलं नव्हतं. चट्टा नव्हता. मग पोरगी म्हणाली आता डबी दे.

आईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, तुझ्या शाळेने पान फाडलं ना तुझं? मग.

डबी अजून घरातच आहे. फक्त आता ती देवळीत नसते, आई ती लपवते.